बाळंतिणीच्या उशाशी कोण?

(वर्धा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत बाळंतपणाविषयी एक महत्त्वाचा रकाना असतो : प्रसूती कोठे झाली, घरी की संस्थेत? गेल्या दोन दशकांत या रकान्याने मोठी मजल मारली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये देशातील शंभरांपैकी सुमारे ३९ प्रसूती संस्थांमध्ये होत होत्या. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ८९ च्या घरात गेले, आणि महाराष्ट्रात ते जवळजवळ ९५ भरले. परंतु त्या नोंदवहीत दुसरा एक रकाना नाही : प्रसूती कशी झाली? बाईला काय सांगण्यात आले, काय विचारण्यात आले, कळा असह्य झाल्या तेव्हा तिने कोणाचा हात धरला, याची नोंद कोणी ठेवत नाही. आजच्या विवेचनाचा विषय हा न छापलेला रकाना आहे.

प्रारंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. दवाखान्यातील बाळंतपणाची चिकित्सा करणे म्हणजे घरच्या अंधाऱ्या खोलीचे गोडवे गाणे नव्हे. त्या खोलीत सुईण असे, तिचा जिव्हाळा असे, पिढ्यान्‌पिढ्यांचे हस्तकौशल्यही असे. परंतु वार अडकली, रक्तस्राव थांबेना, मूल आडवे आले, झटके आले, की सुईणीचे ज्ञान संपे आणि दैवावर भार टाकला जाई. २००४-०६ या काळात देशात एक लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता दगावत होत्या आणि महाराष्ट्रात १३०. २०१८-२० पर्यंत हे आकडे अनुक्रमे ९७ आणि ३३ वर आले. यात लग्नाचे वाढलेले वय, मुलांची घटलेली संख्या, रस्ते आणि शिक्षण यांचाही वाटा आहे. तरीही वेळेवर मिळालेले रक्त, वेळेवर टोचलेले इंजेक्शन आणि वेळेवर झालेली शस्त्रक्रिया यांनी असंख्य स्त्रियांचे प्राण वाचवले हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. दवाखाना हा स्त्रीचा हक्क आहे. प्रश्न एवढाच, की तो हक्क उपभोगण्यासाठी तिने उंबरठ्यावर काय ठेवून आत जायचे?

हा प्रश्न वर्धा जिल्ह्यात विचारणे विशेष उचित आहे. आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचे निधन झाले. त्याच बंदिवासात असलेल्या डॉ. सुशीला नायर यांनी त्यानंतर सेवाग्रामात कस्तुरबांच्या नावाने रुग्णालय उभे केले. त्याचा आरंभच मुळी स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी झाला. पुढे गांधी-जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, त्याच भूमीवर वैद्यकीय महाविद्यालय निघाले. डॉक्टर खेड्यासाठी घडवावा आणि त्याने खेड्यात राहून शिकावे हा त्यामागचा विचार होता. १९९० मध्ये सावंगी येथे दुसरे महाविद्यालय झाले. म्हणजे आठ तालुक्यांच्या या लहानशा जिल्ह्याला दोन वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये, जिल्हा रुग्णालय, आणि त्याखाली ग्रामीण रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे यांची उतरंड लाभली आहे. पुष्कळ जिल्ह्यांना हेवा वाटावा अशी ही स्थिती आहे. म्हणूनच येथील स्त्रीचा अनुभव केवळ ‘दवाखाना आहे की नाही’ एवढ्यावर ठरत नाही. तो कशावर ठरतो, हे येथे अधिक स्पष्टपणे पाहता येते.

समजा, समुद्रपूर किंवा आष्टी तालुक्यातील एक शेतमजूर स्त्री आहे. दिवस कापूस वेचणीचे आहेत. वेचणीची मजुरी वजनावर असते, म्हणून नववा महिना लागला तरी कमरेला ओटी बांधून ती पऱ्हाटीच्या ओळीत उभी आहे. पहिले बाळंतपण माहेरी, या रीतीप्रमाणे ती आईकडे येते. तिची नोंद, तिच्या तपासण्या, तिला ओळखणारी नर्सबाई आणि आशाताई हे सारे सासरच्या गावी राहिले. तिच्या हातात आहे ते केवळ माता-बाल संरक्षण कार्ड, तेही घाईत घरी विसरले नाही तर. रात्री कळा सुरू होतात. गाडी बोलावली जाते. उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्र, तेथून ग्रामीण रुग्णालय, तेथून ‘वर्ध्याला न्या’ अशी चिठ्ठी. प्रत्येक ठिकाणी नवा चेहरा, नवी तपासणी, नवे प्रश्न आणि तेच उत्तर. ‘कळा येऊन राहिल्या जी,’ असे ती आपल्या बोलीत सांगते, ‘किती मिनिटांनी?’ असे तिला विचारले जाते. जिच्या घरातील कामाचे तास आजवर सूर्याने मोजले, तिने कळांचे अंतर मिनिटांत सांगावे अशी अपेक्षा असते. उत्तर देता आले नाही, की ती अडाणी ठरते. खरे पाहता येथे अडाणी कोणीच नसते. दोन भाषा समोरासमोर उभ्या असतात, आणि त्यांतील एकीच्या हाती अधिकार असतो.

अखेर ती प्रसूती कक्षाच्या दाराशी येते. तेथे तिची आई, सासू किंवा नणंद बाहेर थांबवली जाते. दार लागते. दवाखान्यातील बाळंतपणाचा अनुभव घडवणारा सर्वांत निर्णायक क्षण कोणता असेल, तर तो हा दार लागण्याचा क्षण होय. घरच्या बाळंतपणात शास्त्र नव्हते, पण सोबत होती. दवाखान्याने शास्त्र दिले आणि सोबत काढून घेतली. या देवाणघेवाणीची गरज होती का, हे कोणी त्या बाईला विचारले नाही.

आतले दृश्य देशभरातील अनेक सार्वजनिक रुग्णालयांत कमीअधिक सारखेच आढळते. एका दालनात ओळीने टेबले, मध्ये पडदा असला तर असला. उताणे निजायचे, उठायचे नाही, फिरायचे नाही. पुष्कळदा पाणीदेखील नाही. वेळोवेळी आतून तपासणी होते. ती कोणी केली आणि काय आढळले हे सांगितलेच जाते असे नाही. शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांत, मग ती मुंबईची असोत वा नागपूरची, शिकाऊ डॉक्टरांचा घोळकाही असतो. डॉक्टर शिकले पाहिजेत यात शंका नाही. परंतु शिकण्याचे ओझे नेहमी गरीब स्त्रीच्याच शरीराने वाहावे आणि तिची अनुमतीही कोणी मागू नये, हा शास्त्राचा नियम नव्हे. हा वर्गभेद आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची पाहणी करून १९८९ मध्ये जगापुढे जे ठेवले ते येथे आठवावे. शंभरांतील ९२ स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरांत केवळ ८ होत्या. अशा समाजातून आलेल्या स्त्रीच्या आयुष्यातील पहिलीच तपासणी जर कळांच्या भरात, परक्या पुरुषांच्या देखत, एका शब्दाचे स्पष्टीकरण न देता झाली, तर ती तिला उपचार वाटेल की शिक्षा?

मग ओरडणे येते. ‘आधी कळलं नाही का?’ या तऱ्हेची कुचेष्टा, क्वचित मांडीवर चापटी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये प्रसूतीच्या वेळी होणारा अनादर व छळ हा मानवी हक्कांचा भंग आहे असे निःसंदिग्धपणे सांगितले. तेव्हा हे गाऱ्हाणे एका जिल्ह्याचे किंवा एका देशाचे नाही. परंतु येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. सारा दोष नर्सबाईच्या स्वभावावर टाकून मोकळे होणे सोपे आहे, आणि व्यवस्थेला तेच सोयीचे असते. ती नर्सबाई कोण आहे? तीही बहुधा श्रमिक घरातली, पुष्कळदा कंत्राटावर नेमलेली, रात्रपाळीत एकटीने तीनतीन कळा देणाऱ्या स्त्रिया सांभाळणारी, त्यातच नोंदवह्या भरणारी, आणि काही विपरीत घडले तर प्रथम जाब द्यावा लागणारी स्त्री आहे. तिच्या आवाजात जो चढा सूर असतो त्यात रिकाम्या पदांचा, न झालेल्या भरतीचा आणि वरून आलेल्या दटावणीचा सूर मिसळलेला असतो. हे समर्थन नव्हे. चापटीला समर्थन असूच शकत नाही. पण रोग ओळखल्याशिवाय औषध देता येत नाही. एका शोषित स्त्रीला दुसऱ्या शोषित स्त्रीसमोर उभे करून व्यवस्था स्वतः पडद्याआड राहते, हे कार्यकर्त्यांनी ओळखले पाहिजे. २०२३ च्या अखेरीस महाराष्ट्रातील आशा कार्यकर्त्यांना मानधनासाठी संप करावा लागला. बाळंतिणीला दवाखान्यापर्यंत आणणारी स्त्री शासनाच्या लेखी ‘स्वयंसेविका’ आहे, यातच पुष्कळ काही आले.

दुसरा प्रश्न वेळेचा आहे. प्रसूतीला निसर्गाचे घड्याळ असते आणि दवाखान्याला पाळीचे. गर्भाशयाचे तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे हा दंडक दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितले की पुष्कळ निरोगी स्त्रियांना याहून अधिक वेळ लागतो, आणि केवळ त्या कारणावरून हस्तक्षेप करू नये. त्याच मार्गदर्शनात सरसकट काप देणे व पोटावर जोर देऊन मूल ढकलणे यांना नकार दिला आहे. जोखीम नसलेल्या स्त्रीला खाऊपिऊ द्यावे, चालूफिरू द्यावे, तिला सोयीची वाटेल ती अवस्था घेऊ द्यावी असेही म्हटले आहे. म्हणजे आजीबाई ज्या गोष्टी सहज करू देत असत, त्यांतील काही आता शास्त्राने परत मान्य केल्या आहेत. प्रश्न त्या टेबलापर्यंत कधी पोहोचतील हा आहे.

घाईचे दुसरे टोक खासगी क्षेत्रात दिसते. २०१९-२१ च्या पाहणीत देशातील सार्वजनिक संस्थांत शंभरांपैकी १४ प्रसूती सिझेरियनने झाल्या. खासगी संस्थांत ४७. स्त्रियांची शरीररचना रुग्णालयाच्या मालकीप्रमाणे बदलत नसते. खासगीकडे अवघडलेल्या स्त्रिया अधिक जातात असे मानले, तरी तिपटीहून अधिक फरक त्याने भरून निघत नाही. सिझेरियन प्राणरक्षक आहे, आणि जेथे हवे तेथे न होणे हा गुन्हाच आहे. परंतु नको तेथे झाले, तर पोटावरच्या व्रणाबरोबर घरावर कर्जाचाही व्रण उमटतो, आणि निंदणीला वाकणाऱ्या बाईला तो दोन्हीकडून दुखतो. एकीकडे तिच्यासाठी कोणाला वेळ नाही, दुसरीकडे तिच्या वेळेची किंमत आकारली जाते. दोन्ही ठिकाणी निर्णय तिचा नाही.

निर्णयाचा विषय निघाला म्हणून कायद्याची एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. शस्त्रक्रियेपूर्वी नवऱ्याची सही हवी असा समज खेडोपाडी दृढ आहे. नवरा कामाला गेलेला असेल तर त्याला शोधण्यात अमूल्य वेळ जातो. वस्तुतः सज्ञान व शुद्धीवर असलेल्या स्त्रीची स्वतःची संमती हीच खरी संमती होय. समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान रुग्णाऐवजी तिच्या आईने दिलेली संमती ग्राह्य मानली नाही. प्रसूतीनंतर तांबी बसवणे अथवा शस्त्रक्रिया करणे यालाही हेच तत्त्व लागू पडते. कळांच्या भरात पुढे केलेल्या कागदावरचा अंगठा ही संमती नव्हे.

आता उपायाचा विचार. इमारती, भरती, रक्तसाठा, भूलतज्ज्ञ हे सारे हवेच, आणि त्यासाठी दीर्घ लढा द्यावा लागेल. परंतु एक सुधारणा अशी आहे की जिला यंत्र लागत नाही, ठेकेदार लागत नाही, आणि जिचा परिणाम तत्काळ दिसतो. ती म्हणजे प्रसूती कक्षात बाईच्या पसंतीची एक सोबतीण. १९८० मध्ये ग्वाटेमालातील एका रुग्णालयात झालेल्या प्रयोगात असे दिसले की अनोळखी का होईना, पण एक स्त्री सतत जवळ बसली तर प्रसूतीचा काळ कमी होतो आणि गुंतागुंतही घटते. त्यानंतर १७ देशांत झालेल्या २६ चाचण्यांचा, पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांचा, एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष तोच : सोबत असली की नैसर्गिक प्रसूती वाढतात, सिझेरियन कमी होतात, कळांचा काळ आखडतो आणि आलेला अनुभव कटू म्हणणाऱ्या स्त्रिया घटतात. तामिळनाडूने २००४ मध्येच आपल्या सरकारी रुग्णालयांत ही प्रथा सुरू केली. केंद्र शासनाने २०१६ मध्ये देशभरासाठी तसे मार्गदर्शन काढले. म्हणजे मागणी नवी नाही. शासनाचे स्वतःचे वचन आहे. ते दाराबाहेर तिष्ठत उभे आहे एवढेच.

यावर आक्षेप घेतले जातात. जागा नाही. गर्दी होईल. जंतुसंसर्ग वाढेल. नातेवाईक घाबरतील, भांडतील. यांतील एकच आक्षेप खरा आहे, तो इतर स्त्रियांच्या आडपडद्याचा. एका दालनात चौघी असतील तर एकीची सोबतीण ही दुसरीच्या दृष्टीने परकी ठरते. त्याचे उत्तर पडदा आहे, आणि पडद्याला फार मोठी तरतूद लागत नाही. उरलेल्या आक्षेपांना शिस्तीचे उत्तर आहे : एकच सोबतीण, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली, स्वच्छ कपडे, हात धुणे, उपचारांत ढवळाढवळ न करणे. मूळ भीती निराळीच असावी. दारामागे काय बोलले जाते, कसे वागवले जाते, याला एक साक्षीदार मिळतो. साक्षीदारासमोर माणूस जपून वागतो. म्हणून सोबतीण ही केवळ मायेची गोष्ट नाही. ती लोकशाहीची गोष्ट आहे.

परंतु सोबतीणही फुकट येत नाही. कापसाच्या हंगामात दवाखान्यात बसणारी आई तेवढ्या दिवसांची मजुरी गमावते. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूती, औषधे, आहार आणि जाण्यायेण्याचे वाहन निःशुल्क आहे. तो आहार बाळंतिणीपुरता आहे, सोबतिणीच्या भाकरीची सोय त्यात नाही. आणि खुद्द बाळंतिणीच्या बुडालेल्या मजुरीचे काय? २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. मातेची विश्रांती हे राष्ट्राचे हित आहे ही त्यांची भूमिका होती. १९६१ चा केंद्रीय कायदा आणि २०१७ मधील त्याची २६ आठवड्यांची दुरुस्ती यांचा लाभ नोकरदार स्त्रियांना झाला. पऱ्हाटीत उभ्या असलेल्या स्त्रीपर्यंत तो आलाच नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने, अन्यत्र असा लाभ मिळत नसलेल्या प्रत्येक गरोदर व स्तनदा स्त्रीला किमान ६००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ च्या योजनेने त्याचे ५००० केले आणि ‘प्रत्येक’ याचा अर्थ ‘पहिल्या अपत्यापुरते’ असा लावला. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६००० अशी पुस्ती जोडली. कायद्यातला ‘प्रत्येक’ हा शब्द अशा रीतीने योजनेच्या वाटेवर हरवला. तो शोधून परत आणणे हे संघटनेचे काम आहे.

या जिल्ह्याजवळ त्यासाठी स्वतःची परंपरा आहे. १९८० च्या सुमारास सेवाग्रामच्या आसपासच्या खेड्यांत डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने हंगामात ज्वारी देऊन आरोग्यविम्याची वर्गणी भरण्याची पद्धत सुरू झाली. ज्वारीच्या त्या राशीत पैशापेक्षा मोठी वस्तू होती : रुग्ण एकटा न येता गावासह येऊ लागला. गाव पाठीशी असलेल्या रुग्णाशी बोलण्याची रीत निराळी असते. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात २००७ पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर स्त्रिया उभ्या राहून बोलू लागल्या. वर्ध्यातही रुग्ण कल्याण समित्या आहेत, ग्रामसभा आहेत. त्यांच्या बैठकीत रंगरंगोटीच्या खर्चाबरोबर चार साधे प्रश्न दर महिन्याला विचारले जावेत : प्रसूती कक्षात किती पडदे आहेत? किती बाळंतिणींना सोबतीण मिळाली? रात्रपाळीला किती नर्सबाई होत्या? आणि घरी जाताना बाईला विचारले का, की बाई, तुला कसे वागवले?

१८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात, आपल्या घरी, बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. समाजाने टाकलेल्या विधवांनी तेथे यावे आणि निर्धास्तपणे बाळंत व्हावे, एवढीच त्यामागची कल्पना होती. त्या घरात आजची औषधे नव्हती, रक्तपेढी नव्हती, शस्त्रक्रियेचे दालन नव्हते. परंतु येणाऱ्या स्त्रीला तिचे ‘पाप’, तिचा कागद विचारला जात नव्हता, आणि सावित्रीबाई तिच्या उशाशी होत्या. आजच्या दवाखान्याजवळ फुल्यांच्या घरात नव्हते ते सर्व काही आहे. फुल्यांच्या घरात होते तेवढे मात्र त्याने अजून मिळवायचे आहे. नोंदवहीत दुसरा रकाना छापला जाईपर्यंत तो प्रश्न प्रत्येक गावाने तोंडी विचारत राहिले पाहिजे : बाळंतिणीच्या उशाशी कोण होते?